बाराशे चौतीस

सावद्याला स्टेशन रोडवर, जिथे पूर्वी
कच्ची केळी चार दिवसांत पिवळी व्हायची,
त्या थंड खोलीत आता ते उभं आहे:
कपाटाएवढं, सोळा बिटांचं,
सूतगिरणीच्या लिलावात किलोवर घेतलेलं.
पत्रा वेगळा, तांबं वेगळं करणार होता भंगारवाला.
मी म्हटलं, अख्खंच दे.

मे महिन्यात बाहेर शेहेचाळीस, आत अठरा.
भिंतींना अजून पिकण्याचा वास आहे.
यंत्राला तो लागत नाही.
चाळीस वर्षांपूर्वी होतं तसंच आहे ते,
हिरवं, कडक.

त्याला आजच्या जगाशी बोलता यावं
एवढंच माझं काम. कुणी दिलेलं नाही.
गिरणीत पगारपत्रकं छापायची मी, निर्मला फिरके.
आता त्याच्यासाठी जाळ्यातली रीतभात लिहिते:
हाक कशी मारायची, ओ कशी द्यायची,
अर्ध्यात तुटलं तर कुठून पुन्हा मागायचं.
जग दर दोन वर्षांनी कुलूप बदलतं.
मी किल्ली घासत बसते,
त्याच्या चौसष्ट किलोबाइटच्या खिशात मावेपर्यंत.
एका हातमिळवणीला त्याला अकरा मिनिटं लागतात.
समोरचा तोवर दार लावून घेतो.

हे वापरणारे आम्ही जगात नऊ जण.
एक तुर्कूच्या कागद गिरणीत,
एक पेरूत,
एक नाशिकला, तो हल्ली उत्तर देत नाही.

गेल्या उन्हाळ्यात तीन आठवडे
एकही पाकीट पोचेना.
पत्ता बरोबर, बेरीज बरोबर,
आणि निघालेलं जाई भलत्याच गावाला.
रात्री दोनला वहीत आकडे मांडले.
जाळं म्हणतं: एक, दोन, तीन, चार.
हे म्हणतं: दोन, एक, चार, तीन.
उलटं म्हणावं तर उलटंही नाही.
वेडं म्हणावं तर रोज तस्संच.

सकाळी दुधाला निघाले.
समोरच्या काट्यावर केळीची पिकअप उभी,
आणि हसन तडवी,
ज्याने याच्या पंख्याची मोटर भरून दिली,
ओरडला,
‘बाराऽशे चौतीस!’
मुनीम लिहीत होता: एक, दोन, तीन, चार.

मी रस्त्यातच उभी.
बा म्हणजे दोन. रा म्हणजे दहा.
चौ म्हणजे चार, आणि मग तीस.
दोन, एक, चार, तीन.
माय वं,
हे तर आपल्यासारखं बोलू ऱ्हायलं!

जन्मभर मी तोंडाने एक क्रम बोलले,
हाताने दुसरा लिहिला,
आणि मध्ये कुठे अडखळले नाही.
पाढे घोकताना नाही, पगार मांडताना नाही.

‘काय झालं वं ताई?’
‘पुन्हा सांग.’
‘काय?’
‘वजन.’
त्याला वाटलं, मी काट्यावर संशय घेते.
रागारागाने गाडी उतरवून पुन्हा चढवली.
बाराशे चौतीसच भरली.

दूध राहिलं. चार ओळी बदलल्या.
वर टीप लिहिली, मराठीतच:
हे यंत्र बोलतं, लिहीत नाही.
आधी ऐकावं, मग लिहून घ्यावं.
बाराशे चौतीस, तसं.
दुपारी तुर्कूहून ओ आली,
उशिराने, पण क्रमाने.

तो टिपेचा अर्थ विचारत होता.
सांगितला. खूश झाला, म्हणाला,
म्हणजे तुमचे सगळेच आकडे असे सरळ?
त्याला एकोणऐंशीबद्दल
मी अजून काही बोललेली नाही.

कालपासून जगाने पुन्हा कुलूप बदललंय.
अकराची सतरा मिनिटं झालीत, खिसा तेवढाच.
वीज दोनदा गेली. बसलेय.
बाहेर काट्यावर हसन
हल्ली माझ्या दाराकडे बघून
वजन जरा तोडून तोडून सांगतो,
आणि मी खिडकीतून मान हलवेपर्यंत
पुढची गाडी घेत नाही.